लाळेचे घर

घर बांधणे म्हणजे काय, ते आमच्या चिंचवडच्या कामगाराला विचारावे. वीस वर्षे हप्ते भरावेत, तेव्हा कुठे दोन खोल्या आपल्या होतात. या मास्तराचे हप्तेही अजून फिटायचे आहेत! म्हणूनच की काय, वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या पाकोळीविषयी मला भारी जिव्हाळा वाटतो.

किनाऱ्यापासून दूर तिथे ओसाड खडकांची बेटे आहेत. हुमायून अब्दुलालींनी 1940 च्या सुमारास तिथल्या पाखरांविषयी लिहिले होते. काळोख्या गुहेत ही पाकोळी टकटक आवाज काढते आणि प्रतिध्वनीवरून वाट शोधते. थोडी गवतकाडी, थोडी पिसे आणि स्वतःची लाळ. एवढ्यावर तिचे घरटे कातळाला चिकटते. लाळ गाळणारी माणसे निराळी. ती हे घरटे चोरून परदेशी सुपासाठी विकतात. त्या घरट्याला म्हणे स्वतःची चवसुद्धा नसते.

घरटे गेले की ती बिचारी पुन्हा बांधायला घेते. तेही गेले, तर पुन्हा. मग अंडी घालायची कधी? 1972 चा वन्यजीव कायदा तिच्या बाजूचा आहे खरा. पण त्या खडकावर पहारा कोण देणार? पावसाळ्यात दर्या खवळला की होड्या तिकडे फिरकत नाहीत. तेवढा पहारा समुद्रच देतो. मात्र तिची वीण तोवर, उन्हाळ्यातच, उरकलेली असते.