तेरा एस, सहा पी

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी हिशेब बघायला लागले. तिथे इलेक्ट्रिक स्कूटरचे बॅटरी पॅक जोडतात. खरेदीच्या बिलांवर जिथे तिथे 18650 हा आकडा. ना तो दर, ना नग. शेवटी जोडणीवरच्या दादाने एक सेल माझ्या हातावर ठेवला. “जाडी 18 मिलिमीटर, उंची 65, आणि शेवटचा शून्य म्हणजे गोल, ताई.” असे सहा सेल पॅरललमध्ये, अशा तेरा गटांची सिरीज. त्यांच्या भाषेत ‘तेरा एस, सहा पी’. वरून निकेलच्या पट्टीचं स्पॉट वेल्डिंग आणि राखणीला बीएमएसचं सर्किट.

एवढं कळलं. पण गाडीला एकच दणकट बॅटरी बसवायची सोडून ही एवढी पिलावळ कशाला?

वाचायला घेतलं आणि गोंधळ वाढलाच. या लिथियमच्या सेलची सुरुवात चक्क तेलकंपनीत! सत्तरच्या दशकात एक्सॉनमध्ये स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची बॅटरी केली. आत लिथियम धातू असल्यामुळे ती पेट घ्यायची. कंपनीने पुढे नाद सोडला. 1980 साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरून चार व्होल्टपर्यंत मजल मारली. विद्यापीठाने पेटंट काढायला नकार दिला, हक्क दुसऱ्या संस्थेकडे गेले आणि गुडइनफ यांच्या पदरी छदामही पडला नाही. हिशेबनीस म्हणून हे माझ्या फार जिवाला लागलं.

जपानमध्ये असाही कासेईच्या अकिरा योशिनो यांनी 1985 मध्ये धातूच्या जागी पेट्रोलियम कोक वापरला. (पुन्हा तेलाचाच गाळ!) मग स्फोटकांच्या चाचणीची जागा मागून घेतली आणि बॅटरीवर लोखंडाचा जड ठोकळा टाकला. काही झालं नाही. शुद्ध लिथियमच्या बॅटरीवर टाकला, तर जोराचा स्फोट. तिघांना नोबेल मिळायला 2019 उजाडलं. गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते.

यात गाडी कुठे आहे? कुठेच नाही. 1991 साली सोनीने असा लिथियम-आयन सेल बाजारात आणला तो कॅमेरा, फोन असल्या हातातल्या वस्तूंसाठी. पुढे लॅपटॉपमुळे तो ढिगाने बनू लागला, स्वस्त झाला, आणि मोटारवाल्यांनी तो आयताच उचलला. कॅलिफोर्नियातल्या एसी प्रोपल्शनची टी-झीरो ही कार आधी शिशाच्या बॅटऱ्यांवर चालायची. 2003 मध्ये तिच्यात सुमारे 6,800 सेल बसवले. त्याला पैसा पुरवणाऱ्या मार्टिन एबरहार्ड यांनी त्याच वर्षी मार्क टार्पेनिंगसोबत टेस्ला काढली. 2008 च्या त्यांच्या रोडस्टरमध्ये सेल होते 6,831.

हा आकडा ऐकून दादाने माझा कॅल्क्युलेटर ओढून घेतला. 11 थर, प्रत्येक थरात 9 गट, गटात 69 सेल. “म्हणजे नव्व्याण्णव एस, एकोणसत्तर पी! आपलंच की हे, ताई, फक्त साडेचारशे किलोचं.” माझ्या प्रश्नाचं उत्तरही त्यानेच दिलं. सेल छोटा असला की एखादा बिघडला तरी आग छोटी, आणि तो बाजूला काढता येतो. रोडस्टरमध्ये तर प्रत्येक सेलला फ्यूज होते.

टेस्लाचा एवढा गाजावाजा, पण निसानने जपानमध्ये प्रेरी जॉय या गाडीत लिथियम-आयनचे गोल सेल बसवले ते 1997 च्या सुमारास. मोजक्याच गाड्या बनल्या. त्यातली एक उत्तर ध्रुवाजवळच्या जपानी संशोधन केंद्रात 2000 पासून सहा वर्षं न बिघडता धावली. मला याचं भारी कौतुक वाटलं. दादा मात्र भुवया उंचावून म्हणाला, “चार्ज तरी ऊब देऊनच करत असतील. शून्याच्या खाली चार्जिंग लावलं तर आत लिथियमचा धातू जमतो, ताई. तुमच्या त्या तेलकंपनीवाल्याला नडला ना, तोच.”