त्सुफेनहाउझेनची यादी

स्टुटगार्टच्या मुख्य स्थानकावरून लोकल पकडली की थोड्याच वेळात नॉइव्हिर्ट्सहाउस नावाचे एक लहानसे स्टेशन येते. स्टेशन इतके साधे, की आपल्या नीरा किंवा वाठार स्टेशनाचीच आठवण व्हावी. पण पायऱ्या उतरून बाहेर आलो आणि समोर पाहतो तो एक भलीमोठी पांढरी इमारत तीन खांबांवर अधांतरी उभी! तिच्या पोटाखालून माणसे येत-जात होती. हे पोर्शे कंपनीचे मोटारींचे संग्रहालय. 2009 साली ते उघडले. त्याच्या आजूबाजूला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, कंपनीचा कारखाना पसरलेला आहे. या उपनगराचे नाव त्सुफेनहाउझेन. ते मला नीट उच्चारता यायला चार दिवस लागले, आणि उच्चारता येऊ लागले तेव्हा परतीचे तिकीट जवळ आले होते.

मी मराठीचा प्राध्यापक. मोटारींतले मला कळते ते एवढेच, की ती चालत नसली तर ढकलावी. तेव्हा मी तिथे कसा पोचलो, हे सांगणे भाग आहे. माझा थोरला भाऊ गेली पंचवीस वर्षे स्टुटगार्टला असतो. शहर अपरिचित म्हणावे तर तसेही नाही. 1968 पासून मुंबई आणि स्टुटगार्ट या भगिनी-नगरी आहेत. शिवाय 1954 पासून पुढची पंधरा वर्षे टाटांनी ज्या जर्मन कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी बांधल्या, ती डाइमलर-बेंझही इथलीच. दादा इंजिनियर झाला, इथे आला आणि इथलाच झाला. गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला. "मास्तर, सुटी आहे ना? मग ये. मी गाडी घेतोय. यादी करायला कोणीतरी हवं."

मी गेलो. पण अगदी निर्मळ मनाने गेलो असे म्हणता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आमचा वाईचा वाडा विकला. आजोबांनी बांधलेला, माजघराला सागवानी खांब असलेला. सह्या आम्ही दोघांनीही केल्या, पैसे दोघांनीही घेतले. माझ्या हिश्शातून साताऱ्याच्या घराचे कर्ज फिटले. दादाच्या हिश्शाची मात्र आता मोटार होणार होती. तीही दोन माणसांची, वाऱ्याशी शर्यत लावणारी. विमानात मला सारखे वाटत होते, की आजोबांच्या माजघराला कोणीतरी चाके लावत आहे.

दादाने निवडलेली गाडी म्हणजे पोर्शेची 911. या आकड्याचीही एक गंमत आहे. 1963 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा मांडली तेव्हा तिचे नाव 901 होते. मध्ये शून्य असलेले तीन आकडी नाव हा आमचा हक्क आहे, असे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने कळवले. तेव्हा शून्याच्या जागी एक आला आणि बारसे पुन्हा झाले. इंजिन मात्र तेव्हा होते तिथेच आजही आहे, म्हणजे मागे, मागच्या चाकांच्याही मागे. सहा सिलिंडर, तीन या कुशीवर आणि तीन त्या कुशीवर आडवे निजलेले.

मला वाटत होते, दुकानात जायचे, पैसे मोजायचे आणि गाडी घेऊन यायचे. तसे नसते. गाडी आधी कागदावर तयार करावी लागते. मूळ गाडीची किंमत सव्वा लाख युरोंच्या वर, आणि त्यानंतर सुरू होते ती यादी. लग्नाच्या याद्या मी पाहिल्या आहेत, रुखवताच्याही पाहिल्या आहेत. पण असली यादी पाहिली नव्हती. किल्लीला गाडीच्याच रंगाचा मुलामा, त्याचे निराळे पैसे. पट्टे रंगीत हवेत, निराळे पैसे. वारा येण्याच्या झडपांना चामडे, निराळे पैसे. फ्यूजच्या पेटीचे झाकण असते ना, जे उघडायची पाळी येऊ नये म्हणून आपण देवाला नमस्कार करतो, त्या झाकणालाही चामड्याचे आवरण मिळते! उलट, गाडीच्या पाठीवरचे तिचे नाव काढून टाकायचे असेल, तर ते फुकट. फुकटात मिळणारी पहिली गोष्ट मला सापडली ती ही, की आपण कोण ते सांगायचे नाही.

"यादी शुक्रवारपर्यंत पक्की करायची," दादा म्हणाला. "त्यानंतर कारखान्यात हुकूम जातो. मग बदल नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने मला कारखाना दाखवायला नेले. आत फोटो काढायला बंदी. त्यामुळे डोळ्यांनीच पाहावे लागले, आणि ते बरेच झाले. एकाच रांगेतून गाड्या हळूहळू सरकत होत्या. लालमागे पांढरी, पांढरीमागे हिरवी. एकीला छप्पर, दुसरीला नाही. प्रत्येकीची यादी तिच्याबरोबर चाललेली. एके ठिकाणी वरून गाडीचा सांगाडा येतो, खालून इंजिन वर चढते आणि दोघांची गाठ पडते. या ठिकाणाला जर्मन कामगार 'होखत्साइट' म्हणतात. होखत्साइट म्हणजे लग्न! माझ्यासारख्या भाषेच्या माणसाचे तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले. पुढे चामड्याचा विभाग होता. कातडे उजेडात धरून त्यावरचा ओरखडा शोधणारी माणसे पाहिली आणि कोल्हापूरच्या चपला शिवणाऱ्यांची आठवण झाली. हात तेच, नजरही तीच.

"इथे उभं राहिलं की यादी सोपी होते," दादा म्हणाला. "बघ, जे इथे लागतं ते इथेच लागतं. इंजिनाचं लग्न झालं की पोटातल्या गोष्टी मागाहून घालणं जवळजवळ अशक्य, किंवा दामदुप्पट. किल्लीचा मुलामा काय, झडपांचं चामडं काय, हौस वाटली तर दहा वर्षांनीही करता येईल. घर बांधताना नळ भिंतीत आधी घालतात. पडदे मागाहून."

हा त्याचा पहिला नियम. दुसरा नियम, जे रोज अंगाला लागते त्यावर पैसे खर्च करावे. आणि तिसरा, जे फक्त आकड्यांत दिसते त्याला दोनदा विचारावे.

तिसऱ्या नियमाची परीक्षा लगेच झाली. यादीत 'स्पोर्ट क्रोनो' नावाचा एक संच असतो. तो घेतला की डॅशबोर्डवर शर्यतीचे घड्याळ बसते आणि साधी कॅरेरा शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग 4.1 ऐवजी 3.9 सेकंदांत गाठते. म्हणजे वाचतात सेकंदाचे दोन दशांश! मी म्हटले, "एवढ्या वेळात तू काय करणार?" तर वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, ते भाजी आणायला गेले तर तासाने येतात." क्रोनोवर दादाने काट मारली; पण मारताना सुस्कारा टाकला, हे मी पाहिले.

सिरॅमिकच्या ब्रेकांचाही निकाल असाच लागला. ते महागड्या प्रकारांवर मिळतात आणि त्यांसाठी दादा काही दिवस वरच्या प्रकाराचाही विचार करत होता. पोर्शेने 2001 पासून हे ब्रेक द्यायला सुरुवात केली. त्यांच्या चकत्या ओतीव लोखंडाच्या चकत्यांच्या निम्म्या वजनाच्या असतात, त्यांना गंज चढत नाही आणि चाकांवर काळी भुकटी बसत नाही. शर्यतीच्या मैदानावर फेऱ्यांमागून फेऱ्या मारणाऱ्याला त्यांचा खरा उपयोग. पण चाक बदलताना चकतीला धक्का लागून कोपरा उडाला तर नव्या चकतीची किंमत ऐकून माणसाचाच ब्रेक लागावा. "मी काही दर रविवारी शर्यतीत उतरणार नाही," दादा म्हणाला. "ऑटोबानवर लोखंडी ब्रेक पुरतात." वरचा प्रकारही गेला. साधी कॅरेराच ठरली. तिच्यातही 394 अश्वशक्ती आहे. आमच्या आजोबांचा एकच घोडा होता आणि तोही ऐकत नसे.

बैठकांचा प्रश्न वहिनींच्या कमरेने सोडवला. कडक, खोलगट, शर्यतीच्या गाडीतल्यासारख्या बैठका दिसायला देखण्या. वहिनी दुकानात त्यांत बसल्या खऱ्या, पण उठताना मला हात द्यावा लागला. मग अठरा प्रकारे हलवता येणाऱ्या बैठका आल्या: मांडीखाली आधार, कमरेला आधार, दोन्ही कुशींना आधार. तिथे वहिनी अर्धा तास बसल्या. दुकानातल्या मनुष्याने कॉफी आणून दिली. कोणत्याही गाडीची बैठक निवडायची असेल तर हाच मार्ग, असे माझे मत झाले आहे: अर्धा तास बसावे आणि बोलू नये. कंबर आपले मत आपणच सांगते.

पुढचे नाक वर उचलणाऱ्या यंत्राची कथा आणखी निराळी. दादाच्या इमारतीचा गाडीखाना तळघरात, आणि त्याचा उतार वाईच्या घाटाच्या पायऱ्यांइतका उभा. एका संध्याकाळी दादाने पुठ्ठ्यातून गाडीच्या नाकाचा आकार कापला आणि आम्ही दोघे गुडघे टेकून तो उतारावर सरकवत बसलो. पुठ्ठा घासला. एक शेजारी थांबला, त्याने आधी आमच्याकडे आणि मग पुठ्ठ्याकडे पाहिले आणि गंभीरपणे मान हलवली. यंत्र यादीत आले. ते नाक सुमारे चार सेंटिमीटर उचलते आणि उतार कुठे आहे हे लक्षात ठेवून पुढल्या वेळी आपणहून उचलते. ही हौस नव्हे; गाडी घरी न्यायची असेल तर हे पाहिजेच.

रंग लाल ठरला. इंग्रजीत या रंगाला 'गार्ड्‌स रेड' म्हणतात, पण जर्मन नाव 'इंडिशरोट', म्हणजे भारतीय लाल. मी म्हटले, "आपल्या तुळशीवृंदावनाचा." दादा हसला. माझा राग थोडा उतरला होता. पण गेला नव्हता.

गुरुवारी रात्री जेवणे झाल्यावर मी बोललोच. "दादा, वाड्याच्या पैशात हे करायला तुला काही वाटत नाही?"

तो बराच वेळ यादीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वाटतं. खोटं कशाला बोलू? पण तुला आठवतं, दिवाळीला बाबा एकच ताग आणायचे. तुझा सदरा, माझा सदरा, चुलतभावांचे सदरे, सगळे त्यातलेच. उरलेल्या कापडाच्या उशा. शाळा त्यांनी ठरवली, कॉलेज मार्कांनी ठरवलं, इथली नोकरी आली म्हणून घेतली. बावन्न वर्षांत मी पसंत करून अशी एकही वस्तू घेतली नाही रे. मला गाडी हवी आहेच. पण खरं सांगू? मला ही यादी हवी होती."

यावर काय बोलणार? त्या तागाच्या उशीवर मीही निजलो आहे. मी उगाच यादी पुढे ओढली आणि वाचू लागलो. 2024 साली गाडीचे जे नवे रूप आले त्यात बंद छपराच्या कॅरेरेला मूळच्या दोनच बैठका असतात. मागच्या दोन लहान बैठका मागितल्या तर मिळतात आणि त्यांचे पैसे पडत नाहीत. दादाने त्या मागितल्या नव्हत्या.

"या का नाहीत?"

"वजन वाढतं. आणि तिथे माणूस मावत नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी. बसणार कोण?"

"वाडा विकला तेव्हाही आपण हेच म्हणालो होतो," मी म्हटले. "आता राहणार कोण?"

बोललो आणि वाटले, नको होते बोलायला. वहिनी भांडी आवरायच्या थांबल्या. दादाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. काही बोलला नाही. मीही उठून निजायला गेलो. सकाळी मेजावर छापलेली यादी होती. शेवटच्या पानावर एक ओळ नवी होती: मागील बैठका, दोन, किंमत शून्य.

वाड्याविषयी माझे जे मत होते ते आजही बदललेले नाही. एवढ्या पैशात काय काय झाले असते, याचा हिशेब मी विमानात पुन्हा एकदा केला. पण त्या यादीतली एकेक ओळ दादाने ज्या मायेने तपासली, त्या मायेने आम्ही वाड्याच्या खरेदीखताची एक ओळही वाचली नव्हती. दलालाने बोट ठेवले, आम्ही सही केली. ती चूक मोटारीची नाही.

आई माझ्याकडे साताऱ्याला असते. शुक्रवारी हुकूम गेल्यावर दादाने तिला फोन लावला. आईने किंमत विचारली नाही, वेग विचारला नाही. रंग लाल म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाली. मग तिने विचारले, "आणि माणसं किती बसतात रे?"

दादाने माझ्याकडे पाहिले.

"चार, आई," तो म्हणाला.