गुलमर्ग : उन्हातला धोका

ईद झाली आणि मार्चच्या अखेरीस आम्ही काश्मीर गाठले. श्रीनगरात बदामाचा बहर ओसरत आला होता, पण जेमतेम पन्नास किलोमीटरवरचे गुलमर्ग अजून बर्फात होते. चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, कधीच संपले होते. आम्हाला वाटले, आता धोका टळला. भाच्याने स्कीचा कोर्स केलेला, त्यामुळे तो तर अफरवटच्या शिखरावरून उतरण्याचे बेत आखूनच आला होता.

गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, जवळपास चार हजार मीटर उंचीवर सोडतो. तिथून आखलेली वाट सोडून कोऱ्या बर्फावरून उतरायला जगभरातून लोक येतात. आणि तिथेच हिमस्खलनाची भीती असते. फेब्रुवारी २०१० मध्ये याच परिसरात सरावाला गेलेले १७ जवान बर्फाखाली गेले. २०२३ मध्ये पोलंडचे दोन स्कीपटू आणि २०२४ मध्ये रशियाचा एक जण असाच दगावला.

आमचा गाईड टंगमर्गकडचा, पन्नाशीचा. पहिल्या दिवशी फजरची नमाज आटोपून तो दारात हजर. म्हणाला, "भाईसाब, वसंतातला बर्फ घड्याळावर चालतो. दुपारच्या आत खाली."

त्याने समजावले ते असे. हिवाळ्यात ताजा बर्फ पडला आणि वाऱ्याने त्याचे थर रचले, की खालच्या कच्च्या थरावरून वरची लादीच्या लादी सुटते. वसंतात कारण वेगळे. दिवसा ऊन लागून पाणी बर्फात मुरते, कणांची पकड सुटते आणि ओला, जड बर्फ उतारावरून वाहू लागतो. आपल्याकडे पावसाने भिजलेली दरड सुटते, तसेच. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे, आणि स्की करणाऱ्याला नेमके तेच आवडतात. रात्री आभाळ निरभ्र असले तर बर्फ पुन्हा गोठतो आणि सकाळचे काही तास भरवशाचे असतात. ढग असले तर उष्णता अडकून राहते, बर्फ गोठतच नाही.

शेवटच्या रात्री ढग होते. सकाळी गाईडने गंडोलातून उतरताच काठी बर्फात रोवली. ती सहज आत गेली. चार पावले टाकली तर पाय पोटरीपर्यंत रुतला. शेजारच्या उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळत होते. तो म्हणाला, "आज नाही."

भाचा चिडला. पैसे भरलेले, उद्याचे विमान, डोक्यावर लख्ख ऊन. "बीकन आहे, फावडे आहे, शोधकाठी आहे. मग भीती कसली?" गाईड शांतपणे म्हणाला, "बेटा, हे सामान गाडलेल्याला शोधायला आहे. गाडले जाण्यापासून वाचवायला नाही. पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर माणूस बहुतेक वाचतो. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. ओला बर्फ तर थांबला की सिमेंटसारखा घट्ट होतो."

आम्ही गंडोलानेच खाली आलो. गाईडने त्या दिवसाची मजुरी घ्यायला नकार दिला. मी बळेच खिशात घातली.

दुपारभर आम्ही हॉटेलच्या ओसरीवर कहवा पीत अफरवटकडे पाहत होतो. काहीच कोसळले नाही. भाचा म्हणाला, "बघ मामू, उगीच घाबरवले." मी गाईडला हे सांगितले तेव्हा तो हसला. "काही झाले नाही म्हणून मी चुकलो असे नाही. तीस वर्षांत असे कितीतरी दिवस मी सोडून दिले, म्हणून आज तुमच्यासोबत बसलोय."

रात्री भाचा स्की बांधत होता. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, काकांचा नंबर आहे ना तुझ्याकडे? पुढच्या वर्षी त्यांच्यासोबतच यायचे."