पुरीचा किनारा आणि एक साधी सोय

पुरीला गेलात की पहाटे समुद्रावर अवश्य जा. क्षितिजावर तांबडे फुटत असते, बंगालच्या उपसागराच्या उंच लाटा वाळूवर येऊन आदळत असतात आणि निमुळत्या टोप्या घातलेले नोलिया कोळी यात्रेकरूंचा हात धरून त्यांना समुद्रस्नान घडवीत असतात. जगन्नाथाचे दर्शन आणि महोदधीचे स्नान यांसाठी दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबेच्या कुटुंबे येथे येतात.

परंतु बरोबर वृद्ध आई किंवा लहान मुलगी असली, तर समुद्रकिनाऱ्यावर तासाभरातच एक प्रश्न उभा राहतो. तो मोठ्याने विचारण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. स्त्रिया निघतानाच पाणी बेताने पितात आणि पुष्कळदा स्नान आटोपते घेऊन परततात. तुम्ही म्हणाल, किनाऱ्यावर चार शौचकूपे बांधणे इतके का अवघड आहे?

अवघड होते खरे, आणि त्याचे कारण केवळ अनास्था हे नव्हे. समुद्रकाठ बांधकामांपासून मोकळा राहावा, असे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ मध्ये किनारी राज्यांना कळविले होते. पुढे १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणाखाली आला. हेतू स्तुत्य होता. वाळूत मुरलेले सांडपाणी भूजल नासविते. किनाऱ्यावरील दिव्यांनी कासवांची पिले वाट चुकतात. मात्र नियमाच्या चाळणीतून श्रीमंतांचे विश्रामगृह जसे जाऊ नये, तसे यात्रेकरूंचे शौचालयही सहजी जाईना.

मे २०१९ मध्ये ‘फनी’ चक्रीवादळ पुरीजवळच किनाऱ्यावर आदळले, आणि लाटांच्या तोंडाशी पक्के बांधकाम का नसावे, हे सर्वांना दिसले. त्याच वर्षी नियमांतून एक समंजस वाट निघाली. जानेवारीच्या नव्या अधिसूचनेने तात्पुरत्या सोयींना सशर्त मान्यता दिली. जुलैच्या आदेशाने ‘ब्लू फ्लॅग’ मानांकनासाठी निवडलेल्या किनाऱ्यांवर, भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखून, हलविता येणारी शौचालये, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा यांना मुभा मिळाली. २०२० मध्ये देशातील आठ किनाऱ्यांना हे मानांकन लाभले. पुरीचा ‘गोल्डन बीच’ त्यांपैकी एक होय.

निसर्गाचे रक्षण आणि माणसाची लाज यांत वैर नाही, हाच यातील बोध. परवानगी मिळाली म्हणजे काम संपले, असेही नाही. पाणी हवे, रोजची झाडलोट हवी, आणि ती करणाऱ्या हातांविषयी आदर हवा. नियम सरकारने सैल केला. पुढची स्वच्छता मात्र, वाचकहो, तुमच्याआमच्या वागण्यावर अवलंबून आहे. पुढच्या खेपेस तुमच्या आईला लाटांशी निवांत बसता यावे, एवढ्यासाठी तरी ती आपण राखू या.