शौलाचे चिलखत

दावीद गल्याथाशी लढावयास निघाला, तेव्हा शौल राजाने त्याच्या अंगावर आपले चिलखत चढविले, ही कथा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आपण सर्वांनी वाचली आहे. चिलखत उत्तम होते, देणाऱ्याचा हेतूही उत्तम होता. परंतु दावीदाला त्याची सवय नव्हती. त्याने चालून पाहिले आणि ते उतरवून ठेवले. हाच दावीद वीणा वाजविणाराही होता, हे मात्र ही कथा वाचताना आपण विसरतो. वाद्याच्या निवडीविषयी लिहावयास बसलो असता मला प्रथम हीच कथा आठवते. कारण असे एक चिलखत मी स्वतः मागून घेतले होते, आणि ते उतरविण्यास मला दावीदापेक्षा पुष्कळ अधिक काळ लागला.

ही गोष्ट 2016 सालची. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातील पाड्यांवर मी मिस्सेसाठी जात असे. वसईकडील काही सहृदय कुटुंबांनी आमच्या गायकवृंदासाठी कीबोर्ड देण्याची इच्छा व्यक्त केली आणि निवड माझ्यावर सोपविली. वादनाची गोडी मला गोरेगावच्या सेमिनरीत लागली. तेथील पियानोवर फावल्या वेळात बोटे फिरवीत असे. दुकानात 88 पट्ट्यांचा, पियानोप्रमाणे जड दाबाच्या पट्ट्यांचा सिंथेसायझर पाहिला आणि बोटांना जुने दिवस आठवले. शेकडो स्वर, शेकडो ताल! 'लोकांसाठी उत्तम तेच न्यावे', असे मी स्वतःला समजाविले. आज प्रामाणिकपणे सांगावयाचे तर मी तो लोकांसाठी नव्हे, माझ्या बोटांसाठी निवडला.

मनोर, विक्रमगड, मग जव्हारचा घाट, अशा मार्गाने ते वाद्य जीपमधून आले. कठीण आवरणाची पेटी, लोखंडी स्टँड, स्वतंत्र स्पीकर आणि वायरींचे भेंडोळे. दोघांनी उचलल्यावाचून त्यातील पेटी हलत नसे. केंद्राच्या चर्चमध्ये ते शोभले. नाताळची रात्र मात्र मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर साजरी व्हावयाची होती आणि त्या पाड्यापर्यंत जीप जात नव्हती. ओढा ओलांडून चढण चढावी लागे.

पाड्यावरची चार तरुण मुले खाली आली. त्यांनी बरोबर एक लांब बांबू आणि चादर आणली होती. चादरीची झोळी करून त्यांनी वाद्याची पेटी तीत ठेविली आणि बांबू खांद्यावर घेतला. चालता चालता त्यांपैकी एक जण सहज म्हणाला, "फादर, पावसात माझ्या बायकोला ह्याच डोलीतून खाली आणली होती. ही पेटी तिच्यापेक्षा जड नाय, पण धरायला वाईट." सर्व जण हसले. मीही हसलो. परंतु पुढची सारी चढण मी त्या बांबूकडे पाहू शकलो नाही. आजारी माणसाला आणि बाळंतिणीला ज्या खांद्यांवरून सडकेपर्यंत यावे लागते, त्याच खांद्यांवर मी माझी हौस चढविली होती.

मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी भाड्याचा जनरेटर होता. गौरवगीत सुरू होताच प्रथेप्रमाणे गोठ्याचे आणि मांडवाचे सारे दिवे एकदम लावले. जनरेटर गुदमरला, दिवे मंदावले, पुन्हा भगभगले; आणि वाद्याच्या पडद्यावरील अक्षरे विझली ती पुन्हा उमटलीच नाहीत. वाद्याचा त्यात दोष नव्हता. जनरेटरवर एकाएकी भार पडला की विजेचा दाब कोसळतो व नंतर उसळतो. मध्ये स्टॅबिलायझर हवा होता, तो मी घेतला नव्हता.

क्षणभर मांडव स्तब्ध झाला. मग मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी गीत जेथे तुटले होते तेथून उचलले. कोणी ढोल घेतला. गीत तेच, परंतु आता ते निराळ्या गतीने चालले. श्वास घ्यावयास थांबत, पुढे झुलत. मी वेदीवर उभा राहून प्रथमच त्यांचे गाणे ऐकत होतो.

मिस्सेनंतर मी आजींचे आभार मानले. येथे देवाला आणि फादरला एकाच 'तू'ने हाक मारतात. त्या म्हणाल्या, "तुझी पेटी चांगली वाजते. पण ती आमच्यासाठी थांबत नाय."

त्या वाक्याचा अर्थ मला हळूहळू उमगला. वाद्यातील तयार तालाचे बटण एकदा दाबले की यंत्र आपल्या ठरलेल्या गतीने धावते. गाणाऱ्याचा श्वास, म्हाताऱ्यांची लय, नाचणाऱ्या पावलांचा ठेका यांची त्याला वार्ता नसते. संथ गाणारे मागे पडतात आणि मागे पडलेले गप्प होतात. सरावाच्या दोन महिन्यांत वडीलधारी माणसे गाईनाशी झाली होती. मी मात्र त्याला 'शिस्त' म्हणत होतो.

परके वाद्य आणूच नये, असे मी म्हणणार नाही. आपली लाडकी बाजाची पेटी तरी कोठली? अलेक्झांडर दबेन यांनी पॅरिसमध्ये 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती येथे आली, कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला हाताच्या भात्याची केली, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यासमोर तीही खाली बसली. आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशके तिला दूर ठेविले, तरी भजनी मंडळांनी तिला सोडले नाही. परके वाद्य आपले झाले, कारण ते आपल्या बैठकीला उतरले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने डिसेंबर 1963 मध्ये उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसृत केला, त्यात पाइप ऑर्गनचा गौरव आहेच. परंतु पवित्र उपयोगास योग्य अशा इतर वाद्यांनाही वाट मोकळी ठेविली आहे. त्याच्या आधीच्याच कलमात, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान द्यावा, असे सांगितले आहे. सेमिनरीत ही दोन्ही कलमे मी परीक्षेसाठी पाठ केली होती.

त्यानंतर आम्ही दुसरे वाद्य घेतले, आणि या वेळी निवड मी एकट्याने केली नाही. कसोटी एकच ठरविली: गायकवृंदातील एका मुलीला ते एकटीने पाठीवर नेता आले पाहिजे. त्यामुळे 88 पट्ट्या गेल्या, 61 आल्या. पाच सप्तके आमच्या गीतांना पुरून उरतात. असे वाद्य पाच ते सात किलोंचे असते. स्पीकर आतच असावा आणि सहा सेलवर चालावे, म्हणजे वीज नसली तरी मिस्सा अडत नाही. यामाहा व कॅसिओ यांनी खास भारतासाठी काढलेल्या नमुन्यांत तबला, तानपुरा, हार्मोनियम यांचे स्वर मिळतात. पण त्याहून मोलाचे म्हणजे पट्टी बदलण्याचे बटण. बाया ज्या पट्टीत गातील त्या पट्टीत वाद्याने यावे. अॅडाप्टर बदलताना व्होल्ट आणि मधल्या पिनेची धन-ऋण बाजू जुळते ना, हे मी आता चष्मा लावून पाहतो.

नेण्याचेही काही नियम अनुभवाने शिकलो. जाड अस्तराची पिशवी, वरून प्लास्टिक. आत ओल शोषणाऱ्या पुड्या, त्याही मधूनमधून वाळवाव्या लागतात. जव्हारचा पाऊस चार महिने भिंतींनाही ओल आणतो. मोटारसायकलवर वाद्य मागे आडवे बांधू नये, पाठीवर उभे घ्यावे. झुडपांना लागत नाही आणि खड्ड्यांचा धक्का अंग झेलते. जीपमध्ये पट्ट्यांवर भार पडेल असे काही वर ठेवू नये.

पाड्यावर तारपा असतो. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा. वाजविणारा मधोमध, नाचणारे त्याच्याभोवती. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या तारप्याची कीर्ती दूरवर गेली आहे. तारप्याचा सूर कोणत्याही कारखान्याच्या मापात बसत नाही आणि तो आयत्या वेळी बदलताही येत नाही. म्हणून मिस्सेआधीच्या मिरवणुकीत तारपा असला की आमची मुलगी कान लावून कीबोर्डचा सूर थोडा खाली-वर करून घेते. मोठ्या यंत्राने भोपळ्यापुढे नमते घ्यावे, यात मला नाताळच्या गोठ्याचाच अर्थ दिसतो.

तपःकालात वाद्यांनी केवळ गाण्याला आधार द्यावा, असा उपासनेचा नियम आहे. पाड्यांवर तो नियम आम्ही वर्षभर पाळतो. तालाचे बटण बंद, ढोल चालू.

शौलाचे चिलखत दावीदाने उतरवून ठेवले. आमचे दुरुस्त होऊन केंद्रात राहिले. शाळकरी मुलेमुली त्यावर शिकतात, तेव्हा देणाऱ्यांचे दान वाया गेले नाही. परंतु त्या रात्रीची हकीकत मी त्या कुटुंबांना कधी कळविली नव्हती. आभाराच्या पत्रात 'नाताळ उत्साहात साजरा झाला' एवढेच लिहिले. ते खरे होते आणि अपुरेही. हा लेख त्यांच्या घरी पोहोचेल, याच विचाराने लिहिला आहे.

आता नाताळला ती मुलगी वाद्य पाठीला अडकवून पुढे चालते आणि मी धापा टाकत तिच्या मागून चढतो. डोलीचा बांबू वाद्यासाठी बाहेर काढावा लागत नाही.