तात्याचे दात

सासूबाईंची कवळी रात्री मोरीच्या कट्ट्यावर स्टीलच्या वाटीत, पाण्यात असे. ते पाणी तात्या पितो, हे आधी त्यांच्याच लक्षात आलं. मांजर हे काही पाण्यासाठी वखवखलेलं जनावर नव्हे. पण हा आधी वाटी, मग बादली, मग कुंड्यांखालच्या ताटल्या असा रात्रभर हिंडायला लागला. सकाळी त्याच्या वाळूच्या पेटीचा लगदा झालेला असायचा. एकदा गॅलरीत पेटीच्या बाहेरच कार्यक्रम झाला आणि तासाभरात तिथे मुंग्यांची रांग लागली. सासूबाई चष्मा सावरत वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ह्याला साखर झालीय."

आयुष्यातली वीसेक वर्षं मधुमेहाबरोबर काढलेल्या बाईचं निदान होतं ते. डॉक्टरांनी पुढे रक्त-लघवी तपासून त्यावर शिक्कामोर्तब केलं, एवढंच.

तात्या म्हणजे पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा बोका. कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पावसात, कोणाच्या तरी स्कूटरखाली सापडलेला. कपाळावरच्या कायमच्या आठीमुळे त्याला तात्या हे नाव पडलं आणि नावामुळे मान मिळाला. आरामखुर्ची त्याची, सकाळचं वर्तमानपत्र आधी त्याचं. वेळेवर नसबंदी केलेली, घराबाहेर पडणं नाही, आणि खाणं म्हणाल तर दूधभात, पोळीचा कुस्करा आणि दिवसभर पुढ्यात असलेले पाकिटातले कोरडे दाणे. वजन सात किलो. मधुमेह ज्या मांजरांना हटकून गाठतो ती अशीच असतात: मध्यमवयीन, लठ्ठ, नसबंदी झालेले बोके. मांजर मूळचं मांसाहारी. भात-पोळीतला पिष्टमय भाग त्याच्या शरीराला फारसा लागतच नाही. गंमत अशी की त्याला गोड कळतही नाही. गोडाची चव ओळखण्यासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात निकामी असतं, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. हे ऐकून सासूबाई हळहळल्या. "मी निदान जिलब्या खाऊन तरी साखर कमावली," म्हणाल्या, "ह्या मेल्याला काय मिळालं?"

पण तात्याची साखर नुसती खाण्यातून आली नव्हती. त्याआधी वर्षभर त्याचं तोंड दुखत होतं. दाणा तोंडात घ्यायचा, मान वाकडी करून एका बाजूनं चावायचा, मध्येच टाकून द्यायचा. हनुवटी ओली. जांभई दिली की वास. जवळच्या एका डॉक्टरांनी ओठ जरासा वर करून पाहिलं, "हिरड्या सुजल्यात" म्हणाले आणि एक इंजेक्शन दिलं. संध्याकाळी तात्या ताटलीवर तुटून पडला. आम्ही खूश. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा खूश. ते दीर्घकाळ काम करणारं स्टेरॉइड होतं. सूज त्यानं उतरते, दुखणं झाकलं जातं, पण सुजेचं कारण दाताच्या मुळाशी तसंच राहतं. शिवाय स्टेरॉइड इन्सुलिनला कामच करू देत नाही. आधीच काठावर असलेल्या जाड्या बोक्याला त्या पलीकडे ढकलायला एवढं पुरतं.

निदान झाल्यावर फ्रिजच्या दारात दोघांचं इन्सुलिन शेजारी शेजारी राहायला लागलं. औषध एकच, ग्लार्जिन. सासूबाई रात्री अठरा युनिट घ्यायच्या, तात्या बारा तासांच्या अंतरानं एकेक. सिरिंजच्या बाबतीत मात्र सासूबाई पोलिसी खाक्याच्या होत्या. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या इन्सुलिनची, केशरी टोपणाची शंभरच्या. ग्लार्जिन शंभरचं. केमिस्टच्या पोऱ्यानं एकदा लाल टोपणाची पुडी हातात ठेवली, तेव्हा त्यांनी त्याला दुकानातच हिशेब शिकवला: चाळीसच्या खुणेपर्यंत शंभरचं औषध भरलं तर अडीचपट जातं. माणूस एखाद वेळी निभावेल, मांजर मरेल.

सुई टोचून घेणं तात्याला कधीच जड गेलं नाही. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, तो खात असतानाच टोचायचं. त्याला पत्ताही लागायचा नाही. रक्तासाठी कानाची कड टोचावी लागे, तेव्हा मात्र आठी खोल व्हायची. दवाखान्यातले आकडे आम्ही लवकरच सोडून दिले. पिंजरा, रिक्षा आणि शेजारच्या बाकावरचा कुत्रा एवढ्यानंच मांजराची साखर शंभर-दोनशेनं चढू शकते. घरच्या मीटरवर, आरामखुर्चीत, जो आकडा येई तोच खरा धरायचा. तोही अंदाजानं, कारण माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात बहुधा थोडं कमीच दाखवतं.

आणि हा खरा आकडा काही केल्या उतरेना. एकाचे दीड युनिट झाले, दीडाचे दोन, मग तीन. दूधभात बंद झाला, दाणे बंद झाले. तरी मीटर साडेतीनशेच्या आसपास घुटमळायचं. वजन सात किलोवरून पाचाच्या खाली आलं. मागचे पाय तो टाचा टेकवून टाकायला लागला. वाढलेली साखर नसांना पोचली की मांजरं अशी चालतात. पूर्वी फ्रिजवर एका उडीत जाणारा तात्या आता पलंगाकडे बघून विचार करायचा.

नव्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आकड्यांची वही बाजूला ठेवली आणि आधी तोंड उघडलं, सबंध. आम्हालाही बघायला लावलं. मागच्या दाढांवर पिवळं-तपकिरी किटण, हिरड्यांची कड लालभडक, आणि एका दाढेवर हिरडीच चढत आल्यासारखी. ती दाढ शरीर स्वतःच आतून पोखरत होतं. वाढत्या वयाच्या मांजरांत हा प्रकार अगदी सर्रास आढळतो आणि भयंकर दुखतो. "हे असं तोंड असताना साखर उतरणार नाही," त्या म्हणाल्या. जिथे सतत जंतुसंसर्ग आणि सूज आहे तिथलं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. आणि साखर चढी राहिली की हिरड्या बऱ्या होत नाहीत.

यावर सासूबाईंची हरकत आली. त्यांच्या वेळी दातांच्या डॉक्टरांनी साखर आटोक्यात येईपर्यंत एक दात उपटायला नकार दिला होता. मग मांजराला वेगळा न्याय का? डॉक्टर हसल्या. "आजी, ह्याच्या बाबतीत दातच साखर अडवून बसलेत. रक्तात आम्ल साठलेलं नाही, खातोय-पितोय, एवढं ठीक असेल तर थांबण्यात अर्थ नाही."

दाढा काढायच्या दिवशी सकाळी निम्मंच इन्सुलिन द्यायला सांगितलं होतं, आणि नंबर पहिला, म्हणजे उपास लांबायला नको. भूल देऊन आधी तोंडाचा एक्स-रे काढला. मांजराच्या दाताचं दुखणं बहुतेक हिरडीच्या खाली असतं; वरून ठीक दिसणाऱ्या दोन दाढांची मुळं विरघळून गेलेली निघाली. भूल असेपर्यंत दर अर्ध्या तासाला साखर बघत होते, हाताशी ग्लुकोजचं सलाइन तयार होतं. मांजराला एकूण तीस दात असतात, त्यांतल्या दाढा-उपदाढा मिळून चौदा. तात्याच्या उरल्यासुरल्या सगळ्या काढल्या. सुळे चांगले होते, ते ठेवले. दुखण्यासाठी गालाच्या आत सोडायचे थेंब दिले. स्टेरॉइड अजिबात नाही, असं कागदावर अधोरेखित करून दिलं.

बिनदाढांचं मांजर खाणार कसं, हा आमचा घोर. तात्यानं तो दुसऱ्याच दिवशी मिटवला. उकडलेल्या कोंबडीचा बारीक कुस्करा त्यानं ताटली पुसून खाल्ला, आणि तेही दोन्ही बाजूंनी, मान सरळ ठेवून. मांजर अन्न चावत नाहीच फारसं, तोडतं आणि गिळतं.

खरा घोर पुढे होता आणि त्याची ताकीद आम्हाला आधीच मिळाली होती. संसर्ग गेला की तेच इन्सुलिन जास्त होतं. एका पहाटे तात्या झिंगल्यासारखा भिंतीवर आपटत येताना दिसला. मीटरवर ५२. सासूबाईंनी मधाचं बोट त्याच्या हिरडीवर फिरवलं, नंतर खायला घातलं, आणि डॉक्टरांना फोन लावण्यापूर्वीच मला म्हणाल्या, "आजची सुई नाही." तीनाचं एक झालं, एकाचं अर्धं. दिवाळीच्या सुमारास इन्सुलिन बंद झालं ते पुन्हा सुरू करावं लागलं नाही. आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून कान टोचणं मात्र चालू राहिलं. टाचा हळूहळू वर उठल्या. फ्रिज काही त्याला पुन्हा जमला नाही.

उरलेले सुळे घासण्याचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. बोटात चढवायचा रबरी ब्रश, कोंबडीच्या चवीची मांजरांची पेस्ट. माणसांची चालत नाही, कारण मांजर चूळ भरत नाही, गिळतं. कवळी वाटीत काढून ठेवलेल्या बाई मांडीवर बोका घेऊन त्याचे दात घासताहेत, हे दृश्य आमच्याकडे येणारे पाहुणे बराच वेळ पचवत असत.

तात्या चौदाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजारानं गेला.

तुमच्याकडे आठ-नऊ वर्षांचं मांजर असेल आणि ते व्यवस्थित खातंय म्हणून तुम्ही निश्चिंत असाल, तर एवढं करा: दुखत असतानाही मांजर खातं हे ध्यानात ठेवून वर्षातून एकदा त्याचं तोंड सबंध उघडून बघायला सांगा. भूल न देता दात खरवडून चकचकीत करून देतो म्हणणाऱ्याकडे नेऊ नका, हिरडीखालचं त्याला दिसत नाही. आणि तोंडाच्या सुजेवर कोणी इंजेक्शन भरायला लागलं, तर ते कशाचं आहे हे आधी विचारा.