साखरेच्या बेटावरची तिखट पुरणपोळी

परदेशी सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांखाली चिवडा, मेतकूट आणि लोणच्याची बाटली असतेच असते. ‘तिकडे काय मिळेल कोण जाणे!’ ही त्यामागची काळजी. मॉरिशसच्या बाबतीत मात्र ती अगदीच अनाठायी ठरते. मुंबईहून विमानाने सुमारे सहा तासांवर, हिंदी महासागरात वसलेल्या या बेटावर लोणचंही मिळतं, चटणीही मिळते आणि पराठाही. फक्त त्यांची नावं बदललेली असतात. लोणच्याला तिथे ‘आशार’ म्हणतात, चटणीला ‘साटिनी’ आणि पराठ्याला ‘फराटा’.

पण हे सारं कळायला हॉटेलचं फाटक ओलांडावं लागतं. मॉरिशसला जाणारी बहुतेक मंडळी, विशेषतः नवविवाहित जोडपी, किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरतात. समोर निळंहिरवं उथळ पाणी, दूरवर प्रवाळाच्या भिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, माडांच्या सावलीत आरामखुर्च्या आणि तिन्ही त्रिकाळ मांडलेलं जेवण. चार दिवस कसे जातात ते कळत नाही. परतताना फोटो भरपूर असतात, पण त्या देशातला माणूस काय खातो हे पाहायचं राहूनच जातं.

ते पाहायचं असेल तर राजधानी पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात जावं. भाजीचे ढीग, कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, दुधी, कारली पाहून आपण दादरच्या मंडईत तर नाही ना, असं क्षणभर वाटतं. तेवढ्यात भाजीवाला शेजाऱ्याशी क्रिओल भाषेत बोलू लागतो आणि आपण कुठे आहोत याची आठवण होते. फ्रेंचपासून तयार झालेली ही भाषा बेटावर जवळजवळ सर्वांना येते. सरकारी कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंच आणि भांडण, प्रेम, घासाघीस मात्र क्रिओलमध्ये!

एक जोडी ढोल पुरी

बाजारात आणि रस्त्यांच्या कडेला काचेच्या पेट्या घेऊन उभे असलेले विक्रेते दिसतात. त्यांच्यासमोर रांग असेल तर खुशाल समजावं की तिथे ‘ढोल पुरी’ मिळते. ढोल म्हणजे डाळ. पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवायची, निथळून कोरडी वाटायची आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून मैद्याच्या उंड्यात भरायची. पीठ मळायला त्याच डाळीचं पाणी वापरतात. मग पातळ लाटून तव्यावर तेल लावून भाजायची. कृती ऐकताच मराठी गृहिणी म्हणेल, ‘अहो, ही तर बिनगुळाची पुरणपोळी!’

ती नेहमी जोडीने विकली जाते. दोन पोळ्या एकावर एक ठेवून त्यांवर मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ, टोमॅटोचं ‘रुगाय’, भाज्यांचं हळद-मोहरी लावलेलं आशार आणि हवी तर मिरचीची चटणी घालतात, गुंडाळी करतात आणि कागदात बांधून हातात देतात. रस सांडू न देता ती उभ्याने खाणं हेही एक कसब आहे. बँकेतला साहेब, शाळकरी पोरं, हमाल, चिनी दुकानदार सारे त्याच रांगेत असतात.

सकाळच्या न्याहारीला ‘गातो पिमां’ असतो. नाव फ्रेंच, अर्थ मिरचीचा केक. प्रत्यक्षात तो भिजवलेल्या डाळीचा, कांद्याची पात आणि मिरची घातलेला कुरकुरीत वडा. फ्रेंच पद्धतीच्या पावाला लोणी लावून त्यात तो भरतात. वडापाव एकट्या मुंबईची मिरास नाही, हे तेव्हा पटतं. दुपारच्या उन्हात ‘आलुदा’चा पेला हातात आला की सब्जा, दूध आणि आगरचे धागे पाहून फालुद्याची ओळख पटतेच. चिनी वस्तीतल्या शेवया नि उकडलेले गोळे, मुसलमानांची बटाटे घातलेली बिर्याणी, तमिळ लग्नात केळीच्या पानावर वाढल्या जाणाऱ्या सात भाज्या हे सगळं एका छोट्याशा बेटावर नांदतं. दिवाळीला रताळ्याच्या पारीत नारळ-साखर भरून तळलेल्या करंज्या होतात आणि त्या शेजारच्या ख्रिस्ती आणि मुसलमान घरीही पोहोचतात.

पायऱ्यांची आठवण

ही चव इथे आली कशी? त्याचं उत्तर बाजारापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, बंदराच्या काठी आहे. आप्रवासी घाट. इंग्रजांच्या साम्राज्यात गुलामगिरी संपवण्याचा कायदा झाला, मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलाम मुक्त झाले, आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर आणले जाऊ लागले. १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसं या बंदरात उतरली. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून सर्वाधिक, मद्रासकडून तमिळ व तेलुगू, आणि मुंबई बंदरातून कोकण व आसपासच्या भागातली मराठी माणसं.

पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये मजुरी आणि तांदूळ, डाळ, मीठ असा मोजका शिधा. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कारकुनाने वहीत जे नाव लिहिलं तेच टिकलं, आणि पुष्कळदा मूळ पुरुषाचं पहिलं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. जहाजातून उतरून ही माणसं ज्या दगडी पायऱ्या चढली त्या आजही तिथे आहेत. युनेस्कोने २००६ मध्ये या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या पायऱ्या पाहिल्यावर ढोल पुरीची चव थोडी वेगळी लागते. हातात होती ती डाळ घेऊन, आठवणीत होती ती पोळी कुणीतरी इथे पुन्हा लाटली होती.

हीच गोष्ट ‘सेगा’ नृत्याची. आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांचं हे नृत्य. बकऱ्याच्या कातड्याचं ‘रावान’ हे वाद्य शेकोटीवर तापवून घेतात, मग ठेका सुरू होतो. हॉटेलात रंगीबेरंगी घागऱ्यांचा तो कार्यक्रम पाहताना पर्यटक टाळ्या वाजवतात, पण त्याचा जन्म दिवसभराच्या वेठीनंतरच्या रात्रीतला आहे.

‘तुम्हाला मराठी येत नाही?’

मॉरिशसमधल्या मराठी माणसांना भेटल्यावर आपल्याकडच्या प्रवाशाचा आनंद गगनात मावत नाही. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ढोलकाच्या तालावर मिरवणूक निघते, मूर्ती नदीत किंवा समुद्रात विसर्जित होते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. शाळांत मराठी शिकवली जाते आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तिचा पुढचा अभ्यासही होतो.

पण गप्पा सुरू झाल्या की घरातली तरुण मुलं क्रिओलमध्ये बोलू लागतात आणि पाहुणा पटकन विचारून जातो, ‘अरेच्चा, तुम्हाला मराठी येत नाही?’ प्रश्न साधा, पण समोरच्याला लागतो. पाच-सहा पिढ्यांपूर्वी सुटलेली भाषा देवळात, आरतीत आणि शाळेच्या पुस्तकात जपून ठेवायची, तेही परत जाण्याची वाट नसताना, याला किती चिकाटी लागत असेल? महाराष्ट्रात राहून मुलांशी घरात इंग्रजी बोलणाऱ्यांनी हा प्रश्न विचारण्याआधी थोडं थांबलेलं बरं.

‘हे तर आपलंच!’ असं म्हणण्याचा मोह तिथे पावलोपावली होतो. तो मोह गोड आहे, पण अपुरा आहे. ढोल पुरीत भारताची डाळ आहे, पण ती खाणाऱ्या रांगेत तीन खंडांचे वंशज आहेत. ती आता मॉरिशसची आहे. तिला पुरणपोळीची बहीण जरूर म्हणावं, मात्र ‘आमच्याकडे अशी करत नाहीत’ असं सांगू नये. सासरी नांदणाऱ्या लेकीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नसतात. रांगेत उभं राहावं, एक जोडी मागावी आणि मिरची जरा बेतानेच घालायला सांगावी.